वाचनालयाला पालिकेने पैसे का द्यावेत? तुमच्या निवेदनात काय हवं आणि काय नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं तुमचं वाचनालय 'क' वर्गाचं (राज्याच्या अ ते ड या वर्गवारीतलं तिसरं) आहे. नगरपरिषद दरवर्षी काही रक्कम देते आणि इमारत नाममात्र भाड्याने दिली आहे. यंदा लेखा विभागाने फाइलवर शेरा मारला, 'वाचक घटले आहेत, मोबाइलवर सर्व उपलब्ध आहे, वाचनालयाने स्वतःच्या वर्गणीवर चालावे.' तुम्ही निवेदनाचा मसुदा केलाय, त्याची सुरुवात 'वाचाल तर वाचाल'ने होते, आणि तो पुरेसा आहे का असं विचारताय.

नाही, पुरेसा नाही. शेरा मारणारा माणूस वाचन वाईट आहे असं म्हणतच नाहीये. उद्या मुख्याधिकाऱ्यांसमोर तोही वाचनसंस्कृतीवर दहा मिनिटं बोलेल. त्याचा प्रश्न वेगळा आहे: ज्याला वाचायचंय त्याने पैसे द्यावेत, गावाच्या तिजोरीतून का? तुमच्या दोन पानी मसुद्यात संत आहेत, समाजसुधारक आहेत, वाचनाने मन कसं समृद्ध होतं हेही आहे. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र नाही.

मी बरीच वर्षं ग्रंथपाल म्हणून काम केलं, नंतर संस्थेच्या कार्यकारिणीत बसून पालिकेच्या अंदाजपत्रकाच्या मागे धावलो. पुढचं सगळं त्या अनुभवातून आहे. तुमच्या गावात तपशील वेगळे असणार, आणि काही गोष्टी खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहेत. आधी त्या बघू.

पहिली गोष्ट, तुमचा पैसा कुठल्या तिजोरीतून येतो ते नीट वेगळं करा. राज्याचं अनुदान येतं ते महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 आणि त्याखालच्या 1970 च्या नियमांनुसार, ग्रंथालय संचालनालयामार्फत. त्यात वर्ग ठरलेले आहेत, दर ठरलेले आहेत. पालिकेचा पैसा तसा नाही. नगरपरिषदांच्या 1965 च्या कायद्यात ग्रंथालय हे ऐच्छिक कामांत मोडतं. पाणी, गटार, दिवाबत्ती करावीच लागते, वाचनालय केलं तर केलं. म्हणजे कायद्याचं कलम दाखवून तुम्ही पालिकेला बांधू शकत नाही. 'आमचा हक्क आहे' ही भाषा राज्याच्या अनुदानासाठी ठेवा. पालिकेकडे पटवूनच द्यावं लागतं.

इथे आपल्या कायद्याची एक जुनी उणीव आड येते. मद्रासच्या 1948 च्या कायद्यापासून दक्षिणेतल्या राज्यांनी ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर ठेवला. कर्नाटकात आणि केरळात मालमत्ता कराच्या जोडीने तो वसूल होतो. गोव्याने 1993 च्या कायद्यात तो दारूवरच्या अधिभारातून काढला, म्हणजे तिथे पिणारा वाचणाऱ्याला हातभार लावतो (मला ही व्यवस्था मनापासून आवडते). महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. आपल्या घरपट्टीच्या पावतीवर शिक्षण कर असतो, वृक्ष कर असतो, ग्रंथालयाचा रकाना नसतो. त्यामुळे दर वर्षी नव्याने हात पसरावा लागतो. उपकर असला म्हणजे सगळं सुटतं असंही नाही; कर्नाटकात वसूल झालेला उपकर स्थानिक संस्थांकडेच थकल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येतात. पण निदान तिथे 'द्यायचा का' हा वाद नसतो, 'कधी देता' हा असतो.

दुसरी गोष्ट इमारतीची. ती पालिकेच्या मालकीची असेल तर करारनामा शोधा, आजच. मुदत संपलेली असली तर खरा धोका वार्षिक रकमेला नाही, जागेला आहे. बाजारपेठेतल्या जागेवर गाळे निघू शकतात हे नगरसेवकांना तुमच्या आधी सुचलेलं असतं. अशा वेळी निवेदनात रकमेपेक्षा जागेचा मुद्दा वर घ्या.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. तुमच्याकडे खरोखर किती लोक येतात? हे आधी स्वतःला विचारा. 2012 च्या मे महिन्यात महसूल यंत्रणेकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली होती, तुम्हाला आठवत असेल. अनेक ठिकाणी कुलूप सापडलं, पुस्तकं कागदावर सापडली. त्यानंतर कित्येक वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढ बंद राहिली, आणि ज्यांचं काम चोख होतं तेही त्यात भरडले गेले. तो संशय अजून गेलेला नाही. वाचनालय म्हटलं की लेखापालाच्या डोक्यात आधी ते कुलूप येतं. म्हणून माझा आग्रह असतो की युक्तिवादाच्या आधी नोंदवही.

देवघेव रजिस्टरवर भागवू नका. त्यात फक्त सभासद दिसतात. सकाळी पेपर वाचायला येणारे निवृत्त लोक, दुपारी अभ्यासाला बसणारी मुलं, पंख्याखाली गृहपाठ करणारी चौथीतली पोरं यांचं नाव कुठेच नसतं. दारात एक साधी वही ठेवा: तारीख, वेळ, स्त्री की पुरुष, वयोगट, कशासाठी आले. नाव लिहायला लावू नका, लोक कंटाळतात आणि मुली तर टाळतातच. सेवकाने फक्त खुणा करायच्या. दोन महिने हे प्रामाणिकपणे केलं तर तुम्हाला स्वतःलाच काही धक्के बसतील. माझा अनुभव असा की सभासदसंख्या घटलेली असते तेव्हाही दारातून आत येणारी माणसं वाढलेली असू शकतात. लेखा विभागाचा 'वाचक घटले' हा शेरा बहुधा वार्षिक अहवालातल्या सभासदांच्या आकड्यावरून आलेला असणार, कारण त्यांच्याकडे दुसरा आकडाच नाही. तो आपण कधी दिला नाही.

आणि दोन महिन्यांच्या शेवटी आकडा खरंच लाजिरवाणा निघाला तर? तर यंदा पैसे वाचवायची लढाई लढू नका. आधी वेळ बदला. बहुतेक छोटी वाचनालयं सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास उघडी असतात, म्हणजे नोकरीवाला निघून गेल्यावर उघडतात आणि तो परतायच्या आत बंद होतात. एकाच पेठेत तीन 'ड' वर्गाची वाचनालयं असतील तर त्यांनी एकत्र यावं असंही माझं मत आहे, आणि ते मत ग्रंथालय संघाच्या बैठकीत फारसं लोकप्रिय नाही.

आता मुख्य मुद्दा, 'वर्गणीवर चालवा'. याला भावनेने उत्तर देऊ नका, पाटीवर हिशोब मांडा. समजा 250 सभासद आहेत आणि महिन्याची वर्गणी 40 रुपये. महिन्याला 10,000, वर्षाला 1,20,000. पालिकाही समजा तेवढेच 1,20,000 देते. पालिकेने हात काढला तर ती रक्कम भरून काढायला वर्गणी 80 करावी लागेल. दुप्पट वर्गणीला एक तृतीयांश सभासद गळतील असं धरा, हे फार निराशावादी गृहीतक नाही. उरले 167. 80 प्रमाणे महिन्याला झाले 13,360, हवे होते 20,000. म्हणजे वर्गणी दुप्पट करूनही तूट आहेच. मग नवी पुस्तकं बंद. दिवाळी अंक कमी. नवं काही येत नाही म्हटल्यावर उरलेल्यांतले आणखी काही जातात. दोन-तीन वर्षांत तुम्ही कुठे पोचता ते लेखापालाला सांगावं लागत नाही, आकडेमोड त्याला आपल्यापेक्षा चांगली येते.

गळणारे कोण असतात तेही बघा. जो वर्षाला पाच-सहा पुस्तकं विकत घेऊ शकतो तो 80 रुपयेही देतो. जाते ती बाई, जिने घरखर्चातून वाचवून स्वतःचं आणि मुलीचं अशी दोन कार्डं काढलेली असतात. वर्गणीवर चालणारं वाचनालय बंद पडतंच असं नाही, शहरातली काही खासगी ग्रंथालयं छान चालतात. पण ती ज्यांना परवडतं त्यांची असतात. पालिकेचा पैसा वाचनालय जिवंत ठेवण्यासाठी कमी आणि ते सगळ्या गावाचं ठेवण्यासाठी जास्त लागतो. मुख्याधिकाऱ्यांना एकच वाक्य सांगायची वेळ आली तर मी हे सांगेन.

शिवाय वर्गणी मिळते ती पुस्तक घरी नेणाऱ्याकडून. पेपर वाचणाऱ्याकडून, अभ्यास करणाऱ्याकडून, सरकारी फॉर्म भरायला कोणाला तरी विचारायला आलेल्या म्हाताऱ्याकडून आपण काही घेत नाही, घ्यायचंही नसतं. बहुतेक ठिकाणी बागेत येणाऱ्याला पालिका तिकीट लावत नाही आणि बाग तोट्यात आहे असंही म्हणत नाही. या न देणाऱ्या माणसांचा खर्च कोणी तरी उचलायचा तर तो गावाने उचलायचा.

राज्याच्या अनुदानाकडे बोट दाखवून 'तुम्हाला शासन देतं ना?' असं विचारलं जाईल, त्याची तयारी ठेवा. 2012 नंतर दर थेट 2022-23 मध्ये वाढले, 60 टक्क्यांनी. 'ड' वर्गाला 30,000 वरून 48,000, जिल्हा-तालुका वाचनालयं सोडून इतर 'क' वर्गाला 96,000 वरून 1,53,600. (तुमचं तालुका वाचनालय असेल तर दर वेगळा आहे. आणि सध्याचा दर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून ताजा जीआर घेऊनच निवेदनात टाका, आठवणीवर नको.) वाढ मोठी वाटते. पण अनुदानातली निम्मी रक्कम वेतनाची. 48,000 चे निम्मे 24,000, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला 2,000 रुपये. 1,53,600 चे निम्मे 76,800, म्हणजे महिन्याला 6,400, त्यात ग्रंथपाल आणि सेवक दोघं. हे आकडे मोठ्याने वाचून दाखवा. मी पाहिलंय, सभागृहात पुस्तकांच्या महतीवर कोणी मान वर करत नाही, 2,000 रुपये पगार ऐकल्यावर करतात.

आणखी एक, हे ऑडिटरकडून तपासून घ्या: राज्याचं अनुदान वाचनालयाच्या मान्य खर्चाशी जोडलेलं असतं. पालिकेची रक्कम थांबल्यामुळे तुमचा खर्चच आक्रसला तर पुढे राज्याच्या पैशालाही कात्री लागू शकते. म्हणजे पालिका स्वतःचे वाचवताना गावात येणारा राज्याचा पैसाही घालवेल. लेखा विभागाला ही भाषा लगेच कळते.

'मोबाइलवर सगळं मिळतं' यावर फार शक्ती घालवू नका. मराठीतली बहुसंख्य जुनी पुस्तकं अधिकृतपणे मोबाइलवर नाहीत, एवढं सांगा. आणि ज्या घरात एक फोन चार माणसांत फिरतो, त्या घरातली मुलगी अभ्यासाला कुठे बसते ते विचारा. पुढे जा.

अभ्यासिका हे आज तुमचं सगळ्यात मजबूत पान आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी पोरं आता प्रत्येक तालुक्यात आहेत. खासगी अभ्यासिका महिन्याला काही शे रुपये घेतात, पुण्यात हजाराच्या वर जातात. तुमच्याकडे ती फुकट किंवा नाममात्र बसतात. त्यांचे आईवडील मतदार आहेत, हे नगरसेवकाला सांगावं लागत नाही. तेव्हा निवेदनात हे ठळक असू द्या. त्यांतली किती मुलं-मुली बाहेरगावच्या वाड्यावस्त्यांवरून येतात तेही लिहा.

पण सावध राहा. मी अशी वाचनालयं पाहिली आहेत जी अभ्यासिकेच्या जोरावर वाचली आणि तिच्यामुळेच संपली. खुर्च्या वाढवायला बालविभाग हलवला, मग मासिकांचं टेबल काढलं, मग कपाटं वरच्या मजल्यावर गेली, आणि वरचा मजला कुलूपबंद. नेत्यांना अभ्यासिका आवडते, कारण तिचं उद्घाटन करता येतं आणि कोनशिला लावता येते. पुस्तकखरेदीचं उद्घाटन कोणी करत नाही. मला विचाराल तर बालविभाग हा वाचनालयाचा खरा भविष्यनिर्वाह निधी आहे, आणि त्याच्या बाजूने बोलायला कोणी येत नाही, कारण आठ वर्षांच्या मुलाला मत नसतं. म्हणून पालिकेकडे रक्कम मागताना ती एकगठ्ठा मागू नका. अमुक रुपये अभ्यासिकेची वीज आणि संध्याकाळचे वाढीव तास, अमुक रुपये बालविभागाची पुस्तकं, अमुक रुपये वृत्तपत्रं, असे भाग पाडून मागा. कापायचं तर नेमकं काय कापतोय हे मग समोरच्याला लिहावं लागतं. 'सहाय्य 1,20,000' ही ओळ कोणीही लाल पेनाने खोडू शकतो. 'बालविभाग पुस्तके 30,000' ही ओळ खोडताना हात थोडा थांबतो.

आमदार निधीतून कपाटं, संगणक मिळवता येतात, जरूर मिळवा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून ग्रंथसंच येतात, त्यासाठीही जिल्हा कार्यालयाकडे अर्ज ठेवा. पण यातलं काहीच दर महिन्याच्या वीजबिलाला आणि सेवकाच्या पगाराला चालत नाही. देणगीदाराचंही तेच. तो वडिलांच्या नावाने दालन बांधून देतो, त्या दालनात झाडू कोण मारणार ते विचारत नाही. 'देणग्या गोळा करा' म्हणणाऱ्याला हा फरक शांतपणे सांगा.

कोणी तरी मागच्या बाकावरून विचारेल की सरकारने या फंदात पडायचंच कशाला. तेव्हा इतिहासाचं एक पान पुरे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून बडोदा संस्थानात सरकारी पैशाच्या मदतीने मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला, देशातला पहिला. आणि राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ग्रंथालयं राज्यसूचीत आहेत. यापेक्षा जास्त इतिहास निवेदनात नको.

आता मांडणीचं. निवेदन एका पानाचं करा. वर वाचनालयाचं नाव, वर्ग, स्थापना वर्ष. मग दोन महिन्यांची दारातली मोजणी. मग एक भागाकार: समजा पालिका 1,20,000 देते, रोज 60 माणसं येतात, वर्षात 300 दिवस उघडं. 18,000 भेटी. एका भेटीमागे पालिकेचा खर्च सात रुपयांच्या आत. हा आकडा जिभेवर बसतो, सभेत कोणी तरी तो परत उच्चारतो. पण तो जपून वापरा. 'वाचनालयावरच्या एका रुपयातून समाजाला पाच रुपये मिळतात' छापाची गणितं परदेशी अहवालांत असतात, आपल्या सभागृहात त्यावर हसतील आणि तुमचे खरे आकडेही त्या हशात वाहून जातील.

सोबत माहितीच्या अधिकारात मागवलेला मागच्या पाच वर्षांचा पालिकेचा प्रत्यक्ष खर्च जोडा. तरतूद आणि खर्च यांत अंतर असतं. तरतूद कायम ठेवून रक्कम न देणं ही कपातीची सगळ्यात शांत पद्धत आहे.

भेटायला जाताना साहित्यिकांना पुढे करू नका, तुमच्या साहित्यप्रेमी मित्रांना राग येईल तरी. साहित्यिकाचं भाषण छान होतं, बातमी येते, फोटो येतो, फाइल हलत नाही. भरतीची तयारी करणारी एक मुलगी, पेपर वाचायला येणारे एक निवृत्त बसकंडक्टर आणि दोन मुलांची आई, अशी तीन माणसं न्या आणि प्रत्येकाला दोन मिनिटं बोलू द्या. नगरसेवक असतील तर तुमच्या प्रभागातल्याला एकट्याला आधी भेटा. प्रशासक असेल तर मुख्याधिकारी आणि लेखापाल, बस्स. आंदोलन शेवटी ठेवा. एकदा मोर्चा काढला की पुढच्या वर्षी साधं पत्र कोणी वाचत नाही.

वेळ महत्त्वाची. अंदाजपत्रक फेब्रुवारीत पक्कं होतं, त्याचा कच्चा खर्डा त्याआधीच टेबलावर असतो. डिसेंबरात भेट झाली नाही तर मार्चमध्ये फक्त सहानुभूती मिळते. म्हणजे तुमचा क्रम असा: करारनामा तपासा, दारातली वही सुरू करा, आकडे आले की एक पान लिहा, डिसेंबरात लेखापालाला भेटा, मग नगरसेवक, मग सभा.

आणि एवढं करून थोडी कपात झालीच, तर काय कापायचं ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर घाईत चुकीचं कापलं जातं. बहुतेक संस्था पहिल्यांदा संध्याकाळचा तास कमी करतात, कारण वीज आणि सेवकाचा भत्ता लगेच वाचतो. तसं करू नका. तास गेला की माणसं जातात, आणि पुढच्या डिसेंबरात दाखवायला आकडा राहत नाही. त्याऐवजी वृत्तपत्रांच्या दुहेरी प्रती बंद करा, कोणी न उघडलेली मासिकं थांबवा, फाटकी पुस्तकं रीतसर ठराव करून निर्लेखित करा (नोंदीतून काढून टाका) आणि त्या कपाटांची जागा मोकळी करा. दारातली वही मात्र चालू ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तिचा आकडा न मागता लेखा विभागाला पोचवून पोच घ्या. पुढच्या वर्षी शेरा लिहिताना त्याच फाइलमध्ये तो आकडा लागलेला असेल.